एक सूर खाली

मी बाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या ओसरीवर उताण्या पडलेल्या होत्या आणि त्यांच्या पोटावर कायद्याची चार जाडजूड पुस्तकं होती. पुस्तकं सावकाश वर जात, वर गेल्यावर थोडी थांबत आणि तितक्याच सावकाश खाली येत. मी सिल्वासाच्या टोकरखाड्यातल्या त्या कौलारू घरात भाड्याची खोली बघायला गेलो होतो. आधी खोकलो. मग चपला आपटल्या. बाईंनी डोळे न उघडता एक बोट वर केलं. थांबा, असा त्याचा अर्थ. मी थांबलो. पुस्तकं आणखी अकरा वेळा वर-खाली झाली. मग एकेक पुस्तक बाजूला ठेवत त्या उठल्या, केस सारखे केले आणि म्हणाल्या,

"तुम्ही नवे मास्तर ना? मराठी शाळेतले?"

"हो."

"चालताना उजवा पाय घासता. ताल चुकतो. खोली मागच्या अंगाला आहे, बघून घ्या."

ऐंशीचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. सिल्वासात रोज एक नवा कारखाना उभा राहत होता आणि प्रत्येक कारखान्याबरोबर धुळ्या-जळगावकडची शंभर-दोनशे माणसं येत होती. आम्हा कोकणातल्या मास्तरांना आणि कारकुनांना गाव तसं परकंच. सकाळी दूधवाल्याशी गुजराती, दुपारी कचेरीत हिंदी आणि संध्याकाळी घरी मराठी अशी आमची जीभ दिवसातून तीनदा कपडे बदलायची. अशा गावात मला खोली मिळाली ती एका ऑपेरा गाणाऱ्या बाईंच्या घरात. आता ऑपेरा म्हणजे काय, ते मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. ती पुस्तकं पोटावर कशाला, हेही नव्हतं. मला एवढंच वाटलं की भाडं कमी आहे त्याचं कारण सापडलं.

पुस्तकं साहेबांची. साहेब म्हणजे बाईंचे यजमान. पोर्तुगीज अमलात ते इथल्या कचेरीत दप्तर सांभाळत. पोर्तुगीज गेले, दप्तर राहिलं, दप्तराबरोबर साहेबही राहिले. मी गेलो तेव्हा ते निवृत्त झालेले होते आणि उरलेलं आयुष्य त्या कायद्याच्या पुस्तकांत काहीतरी शोधण्यात घालवत होते. काय ते त्यांनी कधी सांगितलं नाही. सकाळी आतून हाक यायची, "तिसरा खंड कुठं गेला?" ओसरीवरून उत्तर जायचं, "पोटावर!" मग साहेब दुसरा खंड वाचत बसायचे.

बाई मूळच्या गोव्याच्या. उभ्या बांध्याच्या, गळ्यात बारीक क्रूस, आवाज बोलताना जाडसर आणि गाताना असा की पहिल्या दिवशी मी जेवणाचं ताट सोडून बाहेर आलो, कोणाला काही चावलं की काय म्हणून. शेजारचे गुजराती काका कुंपणापाशी उभे होते. ते अगदी शांतपणे म्हणाले, "बेसो, मास्तर, बेसो. रोजनुं छे."

बाईंच्या कानाचा गावाला फार त्रास होता. प्रत्येक आवाजाचा सूर त्यांना ऐकताक्षणी कळायचा आणि चुकलेला सूर त्यांना खपायचा नाही. वापीच्या बसचा हॉर्न कोमल गंधारात वाजतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं. नव्यानं उघडलेल्या एका कारखान्याचा भोंगा किंचित उतरलेला आहे, तो चढवून घ्यावा, असं सांगायला त्या एकदा छत्री घेऊन थेट मॅनेजरकडे गेल्या. मॅनेजरला वाटलं, आवाजाची तक्रार घेऊन आल्या आहेत. तो म्हणाला, "मॅडम, कम करवा देंगे." बाई म्हणाल्या, "कमी नको. बरोबर करा."

गायचं असेल त्याच्या आदल्या दिवसापासून त्या बोलायच्या नाहीत. गळ्यात शाळकरी पाटी अडकवून बाजारात जायच्या. मासेवालीला अक्षर येत नव्हतं म्हणून पाटीवर पापलेट काढायच्या, आणि तो शिळा असला तर त्यावर काट मारून दाखवायच्या. मासेवालीची समजूत झाली की बाई मुकी आणि बहिरी आहे. ती पाटीकडे बघून मोठ्यानं ओरडायची, "ताजा हाय! ता-जा!" चर्चमधला कार्यक्रम आटपला की सोमवारी तीच बाई येऊन तिच्याशी दहा मिनिटं कडकडून भांडायची. मासेवालीनं अखेर मला बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, ह्या दोघी जुळ्या बहिणी काय?"

मला पेटी येते हे बाईंना कळलं तो दिवस माझ्या पत्रिकेत असणार. मी आमच्या गावच्या भजनात लहानपणापासून पेटी वाजवायचो. एका गुरुवारी खोलीत एकटाच काहीतरी वाजवत होतो, तर दार न वाजवता बाई आत आल्या, पेटीसमोर बसल्या आणि म्हणाल्या,

"ह्या पट्टीवरून त्या पट्टीपर्यंत सगळ्या वाजवा."

वाजवल्या.

"शेवटची?"

"बाई, ती कोण वाजवतं? भजनात तिकडं बोट जातच नाही."

"मला तीच पाहिजे," बाई म्हणाल्या.

झालं. पियानो सिल्वासात कुठून आणायचा? आणि आणला तरी वाजवणार कोण? बाईंना कोणीतरी साथीदार हवा होता आणि मी घरातच होतो. अडचण एकच होती. त्यांचं गाणं पाच रेघांवर किडामुंगीसारखं लिहिलेलं होतं, ते मला वाचता येईना. मी सुटलो असं मला वाटलं. बाईंनी दुसऱ्या दिवशी फुलस्केप वह्या आणल्या आणि ते सगळं गाणं, साथीसकट, सा रे ग म मध्ये उतरवायला घेतलं. त्यांना मराठी अक्षर यायचं ते बाराखडीपुरतं. तेव्हा प्रत्येक सा पाटीवर गिरवल्यासारखा गोल. वरच्या सप्तकाला डोक्यावर टिंब, खालच्याला पायाशी. सगळ्यात वरच्या त्या शेवटच्या सा वर त्यांनी टिंब दिलं नाही. लाल शाईनं सूर्य काढला.

दोन वर्षं लागली. सात वह्या झाल्या. मध्येच मी म्हणायचो, "बाई, इथं सा बदलल्यासारखा वाटतो." त्या म्हणायच्या, "सा बदलत नाही. तिचं मन बदलतं."

ती म्हणजे राणी. गाणं एका राणीचं होतं. विधवा राणी तुरुंगात आहे. तिच्यासमोर एक खोटा कागद ठेवलेला आहे. त्यावर सही केली तर जीव वाचतो, नाही केली तर सकाळी मान जाते. चौदा मिनिटं ती एकटी गाते. लेखणी उचलते, ठेवते, पुन्हा उचलते, आणि शेवटी 'नाही' म्हणून फेकून देते. त्या 'नाही'वर तो लाल सूर्य. बाई सांगायच्या, तिकडच्या भल्याभल्या गायिका ह्या राणीला भितात. खालच्या सुरात कुजबुजायचं, मधे एका श्वासात लांबच्या लांब ताना घ्यायच्या, आणि तेरा मिनिटांनी गळा पार थकल्यावर तो वरचा सा सरळ उभा करायचा. म्हणून श्वास कमवायला ती पोटावरची पुस्तकं.

"पण बाई," मी एकदा विचारलं, "एवढी तयारी चाललीय ती कोणासाठी? इथं कोण ऐकणार?"

बाई कढीपत्त्याला पाणी घालत होत्या. तांब्या तसाच धरून त्यांनी मला ते सांगितलं, आणि एकदाच सांगितलं.

तेविसाव्या वर्षी मुंबईत त्या एका परदेशी बाईंकडे शिकत होत्या. त्या बाईंनी हौशी गायक-वादक जमवून हा ऑपेरा बसवला आणि राणी आमच्या बाईंना दिली. तालमीत वरचा सा कधी लागायचा, कधी फुटायचा. प्रयोगाच्या दिवशी त्या गुरुबाईंनी वादकांना गुपचूप सांगून सगळं गाणं एक सूर खाली वाजवायला लावलं. म्हणजे पोरीची फजिती व्हायला नको. सगळ्यांना माहीत होतं, फक्त राणीला नव्हतं.

"मग?"

"मग काय? वाजंत्र्यांनी पहिला सूर काढला आणि मला कळलं. मला कळणार नाही असं वाटलं त्यांना! मी थांबू शकत होते, मास्तर. नाही थांबले. गायले. किती सोपं गेलं! तो वरचा सूर असा उभा राहिला, खांबासारखा. लोक उभे राहिले. फुलं काय, टाळ्या काय. पेपरात आलं." त्यांनी उरलेलं पाणी एकदम ओतून टाकलं. "ती राणी सही करत नाही म्हणून मरते. आणि मी तिथं तिचा मुकुट घालून सही केली."

त्यानंतर त्या स्टेजवर चढल्या नाहीत. पुढच्या वर्षी साहेबांशी लग्न करून सिल्वासाला आल्या. चर्चमध्ये गायच्या, इंग्रजी शाळेत पोरांना प्रार्थना शिकवायच्या, आणि रोज सकाळी पोटावर चार पुस्तकं घ्यायच्या. राणी एकदा तिच्या सुरात, लोकांसमोर गायची, एवढीच त्यांची मागणी होती. आता छप्पन्नावं लागलं होतं. "आवाज आटत चाललाय," त्या म्हणाल्या. "आणखी वर्षभर पुरेल. त्यापुढं नाही."

मी सिल्वासाच्या मराठी मंडळाचा कार्यकारिणी सदस्य होतो. आमचं वार्षिक संमेलन शाळेच्या पटांगणात व्हायचं. मी बाईंचं नाव दिलं. सेक्रेटरी आमचे बांधकाम खात्यातले, माणूस सज्जन, हातात सदैव घड्याळ. ते स्वतः बाईंना भेटायला आले.

"बाई, आनंद आहे. किती वेळ लागेल?"

"चौदा मिनिटं."

"सात करा ना. पहिलं कडवं आणि शेवटचं. पाठोपाठ नकला आहेत, मग लहान मुलांची नाटुकली."

"आणि मधली सात मिनिटं," बाई म्हणाल्या, "ती तुरुंगात काय करील?"

चौदा मिनिटं मिळाली. कार्यक्रमपत्रिकेवर छापून आलं, 'पाश्चात्त्य नाट्यगीत (दीर्घ)'.

दोन दिवस आधीपासून बाईंची पाटी गळ्यात. संमेलनाच्या रविवारी दुपारी मी पेटी घेऊन रिक्षानं निघालो आणि डोकमर्डीच्या वळणावर रिक्षा एका म्हशीला चुकवायला गेली. म्हैस वाचली. पेटी खाली पडली आणि भाता उभा फाटला. मी रस्त्यात बसलोच. मग आठवलं, तिथंच कामगारांच्या खोल्यांत आमचे एक बुवा राहतात. धुळ्याकडचे, दिवसभर कारखान्यात धागा गुंडाळायचे आणि शनिवारी भजन करायचे. आवाज घागरीत बोलल्यासारखा. बुवांनी हसत पेटी दिली.

"न्या ना, मास्तर! लई भारी पेटी शे. पट्ट्या सरकवायची शे."

हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. काही पेट्यांत एक खटका असतो. तो दाबला की सगळ्या पट्ट्या एकसाथ बाजूला सरकतात. बोटं नेहमीच्याच जागी वाजवतात, पण आवाज वरचा किंवा खालचा निघतो. गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणं पट्ट्या सरकवायच्या, वाजवणाऱ्याला त्रास नको. मी शाळेच्या मागच्या वर्गात बसून सगळ्या पट्ट्या वाजवून पाहिल्या. सगळ्या बोलत होत्या. शेवटचीसुद्धा. खटका कुठं आहे ते मी पाहिलंच नाही. बाई बाजूच्याच बाकावर बसल्या होत्या, पण इतरांचे बेसूर कानांत जाऊ नयेत म्हणून त्यांनी दोन्ही कानांत कापूस घातला होता. तो त्यांनी स्टेजच्या पायरीवर काढला.

अंगावर काळा झगा, डोक्यावर काही नाही. पटांगणात चारशे माणसं, पुढं सतरंजीवर पोरं, मागं खुर्च्या, उजवीकडं बटाटेवड्याची कढई. आधीच्या नकलांना लोक पोट धरून हसले होते आणि बाईंचा झगा पाहून त्यांना वाटलं, अजून नकला चालू आहेत. साहेब पहिल्या रांगेत, मांडीवर कायद्याचं पुस्तक. बुवा मागं खांबाला टेकून.

मी पहिला सूर धरला. आठ मात्रा, मग बाईंनी सुरू करायचं. बाई सुरू झाल्या नाहीत.

मला वाटलं, विसरल्या. पुन्हा आठ मात्रा. बाई गप्प. पुढच्या पोरांत खसखस पिकली. मागून कोणी ओरडलं, "बाईंना प्रॉम्प्टर द्या!" आणि पटांगण हसलं. सेक्रेटरी विंगेतून घड्याळ दाखवू लागले.

बाई वळल्या, माझ्याजवळ आल्या, वाकल्या.

"मास्तर, खाली आहे. पूर्ण एक सूर."

मी पेटीकडे वाकून पाहिलं. बुवांच्या घागरीतल्या आवाजासाठी खटका खाली होता.

आता मी जे बोललो ते सांगायला मला अजून लाज वाटते, पण व्यक्तिचित्र लिहायचं म्हणजे स्वतःला वगळून चालत नाही. मी कुजबुजलो, "बाई, देवाची कृपा समजा. गाऊन टाका. सोपं जाईल. इथं कोणाला कळणार आहे?"

खरंच कोणाला कळणार नव्हतं. मलाही कळलं नव्हतं. चारशे माणसांत राणीचा सूर ठाऊक असलेलं एकही माणूस नव्हतं, आणि बाईंच्या गळ्यात तेवढा एक सूर खालचा सा अगदी शाबूत होता. मी रोज ऐकत होतो. पाच सकाळींत तो पाचही वेळा लागायचा. खरा सा मात्र पाचांत दोनदाच.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वर्गात एखादा पोरगा फळ्यावर दोन अधिक दोन पाच लिहितो, तेव्हा मी बघतो तसं.

"मला कळलंय ना," त्या म्हणाल्या. आणि पटांगणाकडं वळून, खड्या आवाजात, "पेटी चुकलीय. थांबा."

लोक थांबले. अर्धे हसत होते, अर्धे वडा आणायला उठले. मी खटका दाबला. अडकला. पुन्हा दाबला. पट्ट्या कडकड करत सरकल्या. बाई हात जोडल्यासारखे समोर धरून उभ्या होत्या. मी सूर दिला. त्यांनी मान हलवली आणि राणी सुरू झाली.

ती चौदा मिनिटं कशी होती ते मला सांगता येणार नाही, कारण मी वह्यांत तोंड खुपसून बसलो होतो. एवढं कळलं की तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला हसणं बंद झालं. सहाव्याला कढईवाल्यानं झारा खाली ठेवला. भाषेचा एक शब्द कोणाला कळत नव्हता, पण बाई लेखणी उचलत होत्या हे सतरंजीवरच्या पोरांना दिसत होतं, कारण एक पोरगी मोठ्यानं म्हणाली, "नको गं!" मी सातवी वही उलटली. शेवटच्या पानावर लाल सूर्य. माझी करंगळी त्या शेवटच्या पट्टीवर गेली. बाईंनी श्वास घेतला. तोंड उघडलं. सूर निघाला, वर गेला, पट्टीच्या सुराला येऊन भिडला, क्षणभर तिथं उभा राहिला.

आणि फुटला.

मडकं फुटावं तसा, मधोमध. उरलेल्या चार ओळी बाई कशाबशा, खरखरत, पण मोजून पुऱ्या गायल्या. मी शेवटचा सूर सोडला. मग टाळ्या आल्या, आजाऱ्याची विचारपूस करावी तशा, हळू. बाई माझ्याकडे वाकल्या.

"मास्तर, कुठं फुटला?"

"बाई, जाऊ दे आता..."

"कुठं फुटला ते सांगा. तुमचं बोट होतं त्यावर."

"वरच्या सा वर."

"पोचल्यावर की आधी?"

मी आठवून पाहिलं. "पोचल्यावर."

"मग झालं," बाई म्हणाल्या, आणि लोकांकडं वळून त्यांनी इतका देखणा नमस्कार केला की मागच्या रांगेतल्या काहींना वाटलं, आपणच टाळ्या चुकीच्या वाजवल्या. त्यांनी पुन्हा वाजवल्या.

पायऱ्या उतरताना सेक्रेटरींनी नारळ आणि शाल दिली. "शेवटी जरा घसा बसला का हो बाई? पाणी ठेवायला हवं होतं, आमचीच चूक." बाईंनी त्यांना समजावलं की पाण्याची काही चूक नाही. साहेबांनी पुस्तक मिटून एवढंच विचारलं, "बरोबर होतं?" बाई म्हणाल्या, "बरोबर होतं." साहेबांनी मान हलवली. चाळीसेक शब्दांत संसार करणारी माणसं ती.

मी पेटी परत द्यायला बुवांना शोधत होतो, तर तेच आमच्याकडं आले. पार हळहळलेले. त्यांनी बाईंच्या पायांना हात लावला.

"माय, काय गायली तू! पन त्या शेवटच्या सुराले घात झाला ना. माझी पेटी होती तशीच ठेवायची होती. एक सूर खाली घेतलं असतं, तर आसा उभा राहिला असता तो, दगडी खांबावानी. लोकांनी पटांगन डोक्यावर घेतलं असतं!"

दोन दिवस गप्प राहिलेल्या बाई खुशीत होत्या. त्यांनी बुवांच्या हातातल्या कागदावरचा वडा उचलला, मोडला आणि अर्धा त्यांना परत दिला.

"माहीत आहे, बुवा," त्या म्हणाल्या. "घेतलं होतं एकदा."